पन्नास ससे आणि एक किनारा

1927 साली इंग्लंडमधून अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात काही चित्रं पोहोचली. मोजून पन्नास. सगळी छोटी, हाताने काढलेली, जलरंगात रंगवलेली, आणि प्रत्येकावर चित्रकर्तीची सही. चित्रांतला नायक जगभरच्या मुलांच्या ओळखीचा होता: निळा कोट घातलेला, दुसऱ्याच्या मळ्यात घुसणारा ससा, पीटर रॅबिट.

चित्रं विकायला होती. किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. पैसे मात्र चित्रकर्तीला नको होते. इंग्लंडच्या उत्तरेला विंडरमेअर नावाचं लांबट सरोवर आहे, त्याच्या काठावर कॉकशॉट पॉइंट नावाची जागा आहे. तिथला किनाऱ्याचा एक पट्टा बांधकामात जायच्या बेतात होता. तो विकत घेऊन सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा, त्यासाठी ही वर्गणी होती.

चित्रकर्तीचं नाव बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. वय तेव्हा साठ. गावात तिला या नावाने कुणी हाक मारत नसे. ती मिसेस हीलिस होती, वकिलाची बायको आणि मेंढ्या पाळणारी शेतकरीण. पुस्तकांची कमाई चांगली होती, वडिलोपार्जित पैसाही होता. त्याच दशकात तिने सुमारे दोन हजार एकरांचं एक अख्खं शेत विकत घेतलं होतं. मनात आणलं असतं तर चेक फाडून ती मोकळी झाली असती. मग डोळे अधू होत चाललेल्या या बाईने पन्नास वेळा ससा का रंगवला असेल?

याचं उत्तर शोधायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. चित्र आणि जमीन यांचं नातं या भागात फार जुनं आहे. इथले डोंगर ‘सुंदर’ ठरले तेच मुळी चित्रांमुळे.

डोंगर सुंदर कसे झाले

आज लेक डिस्ट्रिक्ट म्हटलं की इंग्रज माणसाचे डोळे लकाकतात. पण 1720च्या दशकात ‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक डॅनियल डिफो या बाजूला आला, तेव्हा त्याने लिहून ठेवलं ते या मुलखाच्या ओसाडपणाबद्दल आणि भयानकपणाबद्दल. पीक नाही, रस्ता नाही, नुसते अंगावर येणारे कडे. पाहायला काय जायचं तिथे?

पुढच्या पन्नास वर्षांत चित्र पालटलं, आणि ते अक्षरशः चित्रांनी पालटलं. सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लोद लोरँ इंग्लंडच्या श्रीमंतांत भलताच लोकप्रिय होता. त्याच्या चित्रांत पुढे झाडं, मध्ये पाणी आणि मागे धूसर डोंगर असत. इंग्रज प्रवासी तसंच दृश्य आपल्या देशात शोधायला लागले. त्यासाठी एक उपकरणही निघालं: ‘क्लोद ग्लास’. किंचित फुगीर, काळसर काचेचा खिशात मावणारा आरसा. सरोवराकडे पाठ करायची, आरसा समोर धरायचा आणि त्यात मावलेलं ‘चित्र’ पाहायचं. कवी थॉमस ग्रे 1769 साली हा आरसा घेऊन इथे हिंडत होता. आरशात बघता बघता तो वाटेवर पाठीवर आपटला आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. सेल्फीच्या नादात पडणारे आपण पहिले नव्हे.

1778 साली थॉमस वेस्ट यांचं या भागावरचं मार्गदर्शक पुस्तक आलं. कुठे उभं राहिलं की दृश्य नीट दिसतं, त्या जागा त्यांनी नेमून दिल्या. त्यांना नाव दिलं ‘स्टेशन’. विंडरमेअरच्या पश्चिम काठावरच्या अशाच एका स्टेशनवर 1790च्या दशकात चक्क एक इमारत उठली: क्लेफ स्टेशन. वरच्या दालनाच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. पिवळ्या काचेतून पाहिलं की उन्हाळा, नारिंगीतून शरद, फिकट हिरव्यातून वसंत आणि गडद निळ्यातून चांदणं. फोनवरच्या फिल्टरचं दगडी बांधकाम म्हणा ना.

या रंगीत खिडक्यांतून सरोवरापलीकडे जो काठ दिसायचा, त्याच काठावर कॉकशॉट पॉइंट आहे. या काचांमागे उभं राहणाऱ्यांनी डोंगर पाहण्याजोगे ठरवले. पण ते राखण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कुणाच्या मनात नव्हती. पाहणं फुकट होतं आणि जमीन दुसऱ्याची होती.

एक तळं बुडालं

जबाबदारीचा प्रश्न उभा राहिला तो मँचेस्टरच्या तहानेमुळे. कापसाच्या गिरण्यांनी ते शहर फुगलं होतं आणि त्याला पाणी हवं होतं. शहराच्या महापालिकेची नजर जवळपास शंभर मैलांवरच्या थर्लमेअर तळ्यावर पडली. बांध घालायचा, पातळी वाढवायची, पाणी शहरापर्यंत न्यायचं. विरोध झाला, समिती झाली, पत्रकं निघाली. तरी 1879 साली संसदेने कायदा केला, धरण झालं, काठची वस्ती आणि शेतं पाण्याखाली गेली आणि 1894 साली थर्लमेअरचं पाणी मँचेस्टरला पोहोचलं.

विरोध करणाऱ्यांची बाजू हरली, आणि त्यात नवल नव्हतं. त्यांच्याकडे भावना होत्या, कविता होत्या, चित्रं होती, मालकी नव्हती. शिवाय लाखो माणसांना प्यायला स्वच्छ पाणी हवं, हा दावा खोटा नव्हता. ‘आम्हाला दृश्य आवडतं’ एवढ्या एका वाक्यावर त्यापुढे टिकणं अवघड होतं.

या लढ्यातून एक पाद्री धडा शिकला. हार्डविक रॉन्स्ली हे त्याचं नाव. विंडरमेअरच्या काठावरच्या रे गावात तो धर्मगुरू होता. 1883 साली त्याने या भागाच्या रक्षणासाठी एक संस्था काढली आणि स्लेटच्या खाणींसाठी येऊ घातलेली एक रेल्वे अडवलीही. पण दर वेळी नव्या प्रकल्पामागे धावत राहणं किती दिवस चालणार?

त्याच काळात लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल हेच दुसऱ्या दिशेने शिकत होती. तरुणपणी ती जॉन रस्किन या कलासमीक्षकासाठी जुन्या चित्रांच्या नकला काढत असे. पुढे त्याच रस्किनने दिलेल्या पैशातून तिने लंडनच्या गरीब वस्तीत घरं घेऊन ती नीट चालवून दाखवली. दिवसभर एका खोलीत कोंडलेल्या माणसांना निदान बसायला मोकळी जागा हवी, हे तिला तिथे उमगलं. लंडनच्या उत्तरेची काही मोकळी मैदानं वाचवायला तिने वर्गणी काढली. पैसे भराभर जमले, पण मालकाने ऐन वेळी शब्द फिरवला आणि तिथे घरं उठली. ज्या जमिनीचा कागद आपल्या नावावर नाही, ती कितीही प्रेमाने वाचवली तरी वाचत नाही, हे तिलाही कळलं.

रॉन्स्ली, हिल आणि सामायिक जमिनींच्या खटल्यांत मुरलेले वकील रॉबर्ट हंटर या तिघांनी मिळून 1895 साली ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला. नाव ‘नॅशनल’, पण सरकारी नव्हे. कल्पना साधी होती: जमीन मागायची किंवा विकत घ्यायची आणि लोकांच्या वतीने कायमची धरून ठेवायची. 1907 साली संसदेने त्यासाठी खास कायदा केला. ट्रस्टने एकदा ‘अहस्तांतरणीय’ म्हणून जाहीर केलेली जमीन मग ट्रस्टलाही विकता येत नाही, आणि सरकारलाही संसदेच्या संमतीशिवाय ती सहज काढून घेता येत नाही. रस्किनच्या चित्रशाळेत सुरू झालेली गोष्ट अशी एका कायद्याच्या कलमापर्यंत आली.

अडीच शिलिंगांची वर्गणी

या पद्धतीची लेक डिस्ट्रिक्टमधली पहिली परीक्षा 1902 साली झाली. डरवेंटवॉटर या सरोवराच्या काठावरचं ब्रँडलहाउ हे 108 एकरांचं रान विकायला निघालं. किंमत साडेसहा हजार पौंड. ट्रस्ट तेव्हा सात वर्षांचं पोर. तिजोरीत एवढी रक्कम कुठली? हिल आणि रॉन्स्ली यांनी पत्रांचा सपाटा लावला आणि काही महिन्यांत पैसे उभे राहिले.

मोठे देणगीदार होतेच. पण या वर्गणीच्या आठवणीत मागे राहिली ती शेफील्डच्या एका कारखान्यातल्या कामगाराने पाठवलेली अडीच शिलिंगांची रक्कम. सोबतच्या चिठ्ठीचा आशय असा होता, की आयुष्यभर ती सरोवरं पाहायची इच्छा होती, आता ते काही जमायचं नाही. पण दुसऱ्यांसाठी ती राखायला माझाही हात लागू दे.

हे थांबून पाहण्यासारखं आहे. शेफील्ड म्हणजे पोलाद, धूर आणि भट्ट्या. तिथल्या माणसाने सरोवरं पाहिली असणार ती कुठल्या तरी छापील चित्रात. क्लोद ग्लासवाला रसिक जागेवर जाऊनही तिच्याकडे पाठ फिरवून आरशात बघत होता. या कामगाराने जागा कधी पाहिलीच नाही आणि तरी तिच्यासाठी खिसा रिकामा केला. चित्राचा हा दुसरा उपयोग होता. न पाहिलेल्या जागेबद्दल माणसाला आपलेपणा वाटायला लावायचा.

ऑक्टोबर 1902 मध्ये राजकन्या लुईझच्या हस्ते ब्रँडलहाउ लोकांसाठी खुलं झालं. ती स्वतः शिल्पकार होती. आणि त्याच महिन्यात लंडनच्या फ्रेडरिक वॉर्न प्रकाशनाने एका अनोळखी बाईचं छोटंसं पुस्तक बाजारात आणलं: ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’.

कापूस, ससा आणि चोरलेली पुस्तकं

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म 1866 साली लंडनच्या एका सुखवस्तू घरात झाला. घरचा पैसा लँकेशायरच्या कापसाचा. आजोबा एडमंड पॉटर यांचा छापील सुती कापडाचा मोठा कारखाना होता. या कापडाला इंग्रजीत ‘कॅलिको’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या कालिकतवरून गेलेला. आणखी एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस अडला होता, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची भूक भागवायला मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या जात होत्या. त्याच तेजीत मुंबईत शेअरचं वेड पसरलं आणि 1865 मध्ये फुगा फुटला. थर्लमेअर बुडवणारं मँचेस्टरही याच कापसावर उभं होतं. म्हणजे ज्या धंद्याने एक तळं गिळलं, त्याच धंद्यातल्या घराण्याची नात पुढे दुसऱ्या सरोवराचा काठ वाचवायला निघाली.

1882 च्या उन्हाळ्यात पॉटर कुटुंब सुट्टीसाठी रे कॅसल या वाड्यात आलं. बिअ‍ॅट्रिक्स सोळा वर्षांची होती. तिथेच तिची रॉन्स्लीशी ओळख झाली. मुलगी बुजरी, पण हात चित्रकाराचा. बेडूक, ससे, उंदीर, अळंबी, जे दिसेल ते ती बारकाईने रेखाटत असे. रॉन्स्लीने तिला हुरूप दिला; तिचे वडील रूपर्ट पुढे ट्रस्टचे पहिले आजीव सदस्य झाले.

पीटर रॅबिटची गोष्ट मुळात 1893 मधलं एक पत्र. तिच्या जुन्या शिक्षिकेचा लहान मुलगा आजारी होता, त्याला रमवायला लिहिलेलं. पुढे प्रकाशकांनी नकार दिले, म्हणून 1901 मध्ये तिने पदरच्या पैशाने 250 प्रती छापल्या. मग वॉर्नने पुस्तक घेतलं आणि ते तुफान चाललं. फक्त एक चूक झाली. वॉर्नने अमेरिकेत स्वामित्वहक्काची नोंदच केली नाही. तिथल्या प्रकाशकांनी बिनधास्त नकला छापल्या, आणि त्यातून तिला एक छदामही मिळाला नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1905 साली तिचं लग्न ठरलं ते प्रकाशक घराण्यातल्या नॉर्मन वॉर्नशी. ‘धंदेवाल्याशी सोयरीक’ तिच्या आईवडिलांना पसंत नव्हती. महिनाभरात नॉर्मन आजारी पडून वारला. त्याच वर्षी तिने पुस्तकांच्या कमाईत एका मावशीकडून वारशाने आलेली रक्कम घालून निअर सॉरी या गावात हिल टॉप नावाचं छोटं शेत विकत घेतलं. पुढच्या आठ वर्षांतली तिची बरीचशी गाजलेली पुस्तकं या घर-परिसरात घडतात. तिथला जिना, फाटक, चूल आजही पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहता येते. 1913 मध्ये तिने स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी लग्न केलं. जमिनींच्या व्यवहारात तेच तिला मदत करत असत.

दरम्यान कॉकशॉट पॉइंट एकदा तिच्या आयुष्यात येऊन गेलं होतं. 1911-12 च्या सुमारास विंडरमेअरवर पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचे प्रयोग सुरू झाले आणि याच टोकाशी विमानांचा कारखाना काढायचा घाट घातला गेला. बिअ‍ॅट्रिक्सने ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकाला पत्र लिहिलं, सह्या गोळा केल्या, ओळखीपाळखीच्यांना भंडावून सोडलं. कारखाना टळला. पण टळणं म्हणजे वाचणं नव्हे, हा थर्लमेअरचा धडा पंधरा वर्षांनी पुन्हा समोर आला. जागा तीच, धोका नवा. या वेळी उपाय ठरलेला होता: कागद ट्रस्टच्या नावावर करायचा.

बॉस्टनचं दुकान

मग पैसे मागायचे कुणाकडे? ती अमेरिकेकडे वळली.

बॉस्टनमध्ये 1916 पासून केवळ मुलांच्या पुस्तकांचं एक दुकान चालत होतं. बायकांच्या शिक्षण-रोजगारासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ते काढलं होतं आणि बर्था महोनी ते सांभाळत असे. 1924 पासून तिथून ‘हॉर्न बुक’ हे बालसाहित्याला वाहिलेलं नियतकालिक निघू लागलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातली बालविभागाची प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर 1921 मध्ये सॉरीला येऊन बिअ‍ॅट्रिक्सला भेटून गेली होती. या अमेरिकन बायकांचं बिअ‍ॅट्रिक्सला अप्रूप वाटे. इंग्लंडमध्ये तिला लोक ‘खेळण्यांतल्या सशाची बाई’ समजत. या मात्र तिच्या लिखाणाबद्दल आणि रेषेबद्दल बोलत.

तिने आपल्याच पुस्तकातल्या चित्रांच्या पन्नास प्रती नव्याने हाताने काढल्या, सह्या केल्या आणि बॉस्टनला पाठवल्या. हॉर्न बुकने अंकात आवाहन छापलं आणि विक्रीची जबाबदारी घेतली. दलाली नाही, भाडं नाही. ना कुठलं कलादालन, ना लिलावाचा हातोडा. एक पुस्तकांचं दुकान, एक नियतकालिक आणि पत्रव्यवहार.

किंमत गिनीत ठेवली होती, यातही एक गंमत आहे. गिनीचं नाणं पाडणं 1814 मध्येच बंद झालं होतं. तरी डॉक्टरची फी, घोड्याची किंमत आणि चित्राचा मोबदला गिनीतच सांगायची रीत होती. पौंड दुकानदाराचा, गिनी कलावंताची. म्हणजे ही भीक नव्हती आणि नुसती देणगीही नव्हती. चित्राचा रास्त भाव होता.

ज्या देशाने तिची पुस्तकं चोरून छापली, त्याच देशातल्या वाचकांनी विंडरमेअरचा काठ वाचवायला हात दिला. शंभर पौंडांहून थोडी जास्त रक्कम जमली. पन्नास गिनींचे साडेबावन्न पौंड होतात. म्हणजे मागितल्याहून जास्त देणारेही असणार. मोबदल्यात त्यांच्या घरी भिंतीवर एक ससा आला. त्यातल्या बहुतेकांनी विंडरमेअर कधीच पाहिलं नसावं.

चेक न फाडण्याचं कारण मला इथे दिसतं. तिच्या एकटीच्या पैशाने किनारा वाचला असता, पण तो एका श्रीमंत बाईचा उपकार ठरला असता. शेफील्डच्या कामगाराच्या अडीच शिलिंगांची किंमत ओळखणाऱ्या परंपरेत ती वाढली होती. जागा सार्वजनिक करायची तर ती राखण्याचा खर्चही अनेकांच्या खिशातून यायला हवा.

चित्र संपतं तिथून पुढे

पण खरा हिशेब इथे थांबत नाही. शंभर पौंडांत किनाऱ्याचा पट्टा वाचायला मदत होते, दरी वाचत नाही. पन्नास सशांची गोष्ट ऐकायला गोड आहे. बिअ‍ॅट्रिक्सचं मोठं काम त्यानंतरचं आणि बरंच रुक्ष आहे.

1929-30 मध्ये कॉनिस्टनजवळची सुमारे चार हजार एकरांची मंक कॉनिस्टन इस्टेट विकायला निघाली. तुकडे पडून ती बिल्डरांच्या घशात जाईल अशी भीती होती. ट्रस्टकडे लगेच पैसे नव्हते. बिअ‍ॅट्रिक्सने सगळी इस्टेट स्वतः विकत घेतली आणि ट्रस्टने वर्गणी जमवल्यावर निम्मी जमीन त्यांना खरेदीच्याच भावात दिली. पुढची काही वर्षं ट्रस्टच्या वाट्याचं व्यवस्थापनही तिनेच पाहिलं. गळकी छपरं, तुंबलेले चर, पडलेले दगडी बांध, कुळांचे खंड, झाडतोड, मेंढ्यांचे रोग. या कामाचं कोणी चित्र काढून विकत नाही.

कारण तिला एक गोष्ट पक्की कळली होती. आपण ज्याला ‘निसर्ग’ म्हणून पाहतो, ते दृश्य मेंढपाळांनी घडवलेलं आहे. इथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या काटक, करड्या लोकरीच्या. उघड्या डोंगरावर कुंपण नसतं. कोकरू आईमागे हिंडत आपल्या कळपाची हद्द शिकतं आणि मोठं झाल्यावर आपल्या कोकराला शिकवतं. हद्द ठाऊक असलेला हा कळप शेताबरोबरच राहतो. मालक किंवा कूळ बदललं तरी मेंढ्या जागेवर राहतात. कळप एकदा मोडला की डोंगराचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा नकाशा पुसला जातो. 2001 मध्ये इंग्लंडमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि लाखो जनावरं मारावी लागली, तेव्हा या भागाला नेमकी हीच धास्ती होती.

1943 च्या डिसेंबरमध्ये बिअ‍ॅट्रिक्स वारली. हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेने पुढच्या वर्षासाठी तिला अध्यक्ष निवडलं होतं. हा मान मिळालेली ती पहिली बाई. मृत्युपत्रात चार हजार एकरांहून जास्त जमीन आणि पंधराएक शेतं ट्रस्टला दिलेली होती, आणि एक अट होती: डोंगरावरच्या शेतांवरचे कळप शुद्ध हर्डविकचेच राहिले पाहिजेत. किनाऱ्यासाठी तिने ससे विकले, पण मृत्युपत्रात लिहिल्या त्या मेंढ्या.

राखलेल्या जमिनीचं काय होतं

1946 मध्ये हिल टॉप लोकांसाठी उघडलं आणि गर्दी सुरू झाली. 2017 मध्ये युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात नुसते डोंगर-तळी नाहीत, मेंढपाळीची पद्धतही मोजली आहे. कॉकशॉट पॉइंटवर आजही कुणीही फिरायला जाऊ शकतं. तिकीट नाही, फाटक नाही.

वाद मात्र संपले नाहीत. 2016 मध्ये बॉरोडेल दरीतलं थॉर्नीथ्वेट नावाचं शेत विक्रीला आलं. विकणाऱ्याने घर आणि जमीन वेगवेगळी काढली. नॅशनल ट्रस्टने अपेक्षित किमतीपेक्षा दोन लाख पौंड जास्त देऊन, साडेनऊ लाखांना तीनशेहून थोडी जास्त एकर जमीन घेतली आणि घर सोडून दिलं. स्थानिक शेतकरी खवळले. घराविना शेत म्हणजे शेतकऱ्याविना शेत, आणि इतक्या भावात आमच्या पोरांनी जमीन घ्यायची कशी, हा त्यांचा सवाल. याच मुलखातले लेखक मेल्विन ब्रॅग यांनी ट्रस्टवर जाहीर टीका केली आणि बिअ‍ॅट्रिक्सचं नाव त्या वादात वारंवार आलं. ट्रस्टचं म्हणणं असं, की आदल्या हिवाळ्यातल्या पुरानंतर डोंगरावर पाणी मुरवणं, झाडं आणि ओलसर जागा परत आणणं गरजेचं आहे आणि त्यासाठी जमीन हातात हवी.

दोन्ही बाजू ‘राखणं’ हाच शब्द वापरतात. एकीला दरीतली माणसं आणि कळप राखायचे आहेत, दुसरीला माती, पाणी आणि झाडं. वर्गणी देणाऱ्याला यातलं काय हवं असतं, हे त्याला बहुधा कुणी विचारत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे असतं एक चित्र.

आज जमीन वाचवण्यासाठी चित्रप्रदर्शनं जागोजागी भरतात. स्वयंसेवक खुर्च्या लावतात, चित्रकार अर्धी किंवा सगळी किंमत सोडून देतात, आपण एखादी फ्रेम घेऊन येतो. ते करावंच. फक्त पावती घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: जमिनीचा कागद कुणाच्या नावावर होणार, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथले बांध कोण दुरुस्त करणार? हिल आणि रॉन्स्ली यांना पहिला प्रश्न हरल्यावर सुचला. दुसऱ्याचं उत्तर मिसेस हीलिसच्या चिखलाने माखलेल्या बुटांत होतं.